तांड्याची ठेव आणि तेरा दालने : पोहरादेवीच्या बंजारा विरासत संग्रहालयाचा इतिहास

शनिवार, 5 ऑक्टोबर 2024. नवरात्राची तिसरी माळ. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्या दिवशी पोहरादेवीत जगदंबा मातेचे दर्शन घेतले, नंगारा वाजवला, संत सेवालाल महाराज आणि संत रामराव महाराज यांच्या समाध्यांना अभिवादन केले आणि बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण केले. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या गावाचे नाव त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत आले. आम्हा वाशीमकरांना पोहरादेवी नवी नव्हती. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून येणारी गर्दी आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. नवी होती ती संग्रहालय नावाची वस्तू. चार मजले, तेरा दालने, नंगाऱ्याच्या घाटाची वास्तू. या आवाक्याचे संग्रहालय जिल्ह्यात याआधी नव्हते.

संस्थेचा इतिहास लिहायचा तर पायाभरणीच्या तारखेपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. तसे केले तर या संस्थेचा इतिहास एका पानात आटोपेल. पण या संग्रहालयात जे मांडले आहे, आणि जे अजून मांडायचे राहिले आहे, ते इमारतीपेक्षा फार जुने आहे. म्हणून जरा मागे जावे लागेल. आधी खुद्द वाशीमपर्यंत आणि मग बैलांच्या तांड्यांमागे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा होती हेच मुळी अभ्यासकांना नीट कळले ते 1939 साली वाशीमला ताम्रपट सापडल्यावर. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राजवटीच्या 37व्या वर्षाचा हा ताम्रपट काही संस्कृतात, काही प्राकृतात आहे. वाशीमजवळच्या हिस्सेबोराळ्याला शके 380चा शिलालेख मिळाला. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, तसा लेख त्या लेण्याच्या भिंतीवरच आहे. अजिंठ्याची जी चित्रे पाहायला जगभरची माणसे येतात, त्यांच्या बहराचा काळ म्हणजे हरिषेणाचा काळ. संस्कृत कवी राजशेखराने वत्सगुल्माच्या नावावरून एका काव्यरीतीला वच्छोमी म्हटले, तेही याच गावाच्या लौकिकामुळे.

एवढे सगळे खरे, पण ते पाहायचे कुठे? विदर्भातले जुने मोठे संग्रहालय म्हणजे 1863 साली सुरू झालेला नागपूरचा अजब बंगला. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या मातीतून निघालेल्या गोष्टींचा अभ्यास करायचा तर नागपूरची गाडी धरावी लागे, नाहीतर इतिहासकार वा. वि. मिराशींचे जाडजूड ग्रंथ उघडावे लागत. कारंज्याचे उदाहरण तर बोलके आहे. तिथल्या जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या नीट बांधून ठेवल्या होत्या. 1930च्या दशकात हिरालाल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतले अपभ्रंश ग्रंथ संपादून कारंजा जैन मालेत छापले, तेव्हा त्या भाषेच्या साहित्याचा मोठा ठेवा जगासमोर आला. ठेव आपल्याकडे, तिची ओळख मात्र कुणीतरी येऊन पटवून देईपर्यंत थांबायचे, ही आपल्या भागाची जुनी खोड आहे. पोहरादेवीच्या संग्रहालयाकडे मी त्या खोडीवरचा पहिला इलाज म्हणून पाहतो.

हा इलाज राजधानीच्या गावात झाला नाही. ताम्रपट कोरवून घेणाऱ्या राजांचे वाशीम बाजूला राहिले आणि ज्यांनी स्वतःबद्दल एक ओळही दगडावर किंवा तांब्यावर कोरली नाही, त्यांच्या नावाने संग्रहालय उभे राहिले.

बंजारा समाजाचा लिखित इतिहास शोधायला गेले की आधी दुसऱ्यांची लेखणी भेटते. 1632 साली इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेत 14,000 बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली. सगळे बैल धान्याने लादलेले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निएनेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. रस्ता अडला की दोन-दोन दिवस खोळंबून राहावे लागे, असे त्याने लिहिले आहे. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या त्या या बैलांच्या पाठीवरच्या धान्यावर. 1630च्या सुमारास आसफखानाच्या स्वारीबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नायक आपल्या बैलांसह दक्षिणेत आले आणि खानाने त्यांना ताम्रपट दिला, अशी परंपरा आहे. रांजणातले पाणी, छपरावरचे गवत, आणि दिवसाला तीन खून माफ, अशा त्याच्या सवलती सांगतात. ताम्रपट खरा की खोटा हा वाद इतिहासकारांनी घालावा. एवढे मात्र नक्की की ज्याच्याशिवाय फौजेला भाकरी मिळत नाही, त्याची मर्जी बादशहालाही राखावी लागत होती. 1803 साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडला लढली, तेव्हाही तिच्या रसदेचा मोठा भार ब्रिंजारींवर, म्हणजे बंजाऱ्यांवर, होता. त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

मग रेल्वे आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचला. मीठ आणि धान्य बैलाच्या पाठीवरून वाघिणीत गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका पिढीत बसला. 1871 साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरत्या लोकांकडे संशयाने पाहणे हीच रीत झाली. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांविषयीची पहिली सविस्तर पुस्तिका 1882 साली लिहिली गेली, ती कंबरलेज नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916च्या आपल्या जातिकोशात त्याच पुस्तिकेतून भरभरून घेतले. समाजाची गोत्रे, लग्नाचे विधी, बायकांचे दागिने हे सगळे तपशिलाने कागदावर आले ते पोलिसाच्या टिपणांतून. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण ती टिपणे नसती तर त्या काळचे बरेच काही आज हाती नसते, हेही मान्य करावे लागते.

आपली हकिगत आपण लिहायची, ही जाग विसाव्या शतकात आली. किनवट भागातल्या मांडवीचे बळीराम पाटील यांनी समाजाच्या इतिहासाचे पुस्तक लिहिले. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी दिग्रसला समाजाचे अखिल भारतीय संघटन उभे राहिले. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत गहुलीचे वसंतराव नाईक होते. 1963 ते 1975 अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन आले तेव्हा मराठी वाचकाला तांड्याच्या आतला आवाज ऐकू आला. या सगळ्या घडामोडींची भूमी म्हणजे दिग्रस, पुसद, मानोरा यांच्या मधला पट्टा. त्याच पट्ट्यात पोहरादेवी आहे.

पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. संत सेवालाल महाराजांचा जन्म 15 फेब्रुवारी 1739चा, आताच्या आंध्रातल्या अनंतपूर भागातला. पण त्यांची समाधी इथे आहे, म्हणून चारी दिशांचे तांडे इथे येतात. शेजारच्या उमरीलाही समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि यात्रेकरू दोन्ही ठिकाणे करूनच परततात. याच बंजाऱ्यांना महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोजतात. सरकारी कागदावर तीन ठिकाणी विभागलेला समाज रामनवमीला एका नंगाऱ्याभोवती उभा राहतो आणि सगळ्यांची बोली एकच असते, गोरबोली. संग्रहालयाची जागा पोहरादेवी का, मुंबई किंवा नागपूर का नाही, याचे उत्तर यात आले.

या स्थानाला आधुनिक काळात ज्यांनी आकार दिला ते रामराव महाराज, समाजाचे बापू. आजन्म ब्रह्मचारी, अनेक राज्यांतल्या तांड्यांत फिरलेले, व्यसनमुक्ती आणि शिक्षण हे दोन विषय न सोडणारे. 30 ऑक्टोबर 2020 रोजी त्यांचे निधन झाले. संग्रहालयाचे काम तेव्हा चालू होते. पूर्ण झालेली वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

इमारतीच्या तारखा थोडक्यात सांगतो. 3 डिसेंबर 2018 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि शिवसेनेचे तेव्हाचे पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत भूमिपूजन झाले. भाजप आणि शिवसेना या दोन पक्षांतली कुरबुर तेव्हा जगजाहीर होती. त्यामुळे दोघे एका व्यासपीठावर आले याचीच चर्चा वर्तमानपत्रांनी केली आणि संग्रहालय कसले होणार आहे हे खालच्या ओळींत राहिले. पाठपुराव्यात आमदार संजय राठोड यांचा वाटा मोठा होता. नंतर सरकारे बदलली, करोनाची दोन वर्षे गेली. 12 फेब्रुवारी 2023 रोजी सेवालाल महाराजांच्या पंचधातूच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले आणि 135 फूट उंचीच्या सेवाध्वजाची स्थापना झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री फडणवीस त्या वेळी आले होते. आणि 2024च्या नवरात्रात लोकार्पण. सहा वर्षांत दोन मुख्यमंत्री आणि एक पंतप्रधान यांचे पाय एका वास्तूच्या आवाराला लागले. आमच्या तालुक्याच्या मानाने हे फारच झाले. त्याचा उपयोग पुढच्या कामासाठी करून घेणे आता आपल्या हाती आहे.

वास्तूचा घाट नंगाऱ्याचा घेतला हे मला पटते. तांड्यात देवीच्या आरतीला, भोगाला आणि सणाला नंगारा लागतोच. त्याच्या आवाजावर माणसे जमतात. आतल्या तेरा दालनांचा मुख्य भर समाजाच्या नेत्यांच्या व्यक्तिचित्रांवर आणि समाजाच्या चळवळींवर आहे. अशा चित्रांची गरज का, तर एक उदाहरण: गुरू तेगबहादुरांचे शिर नसलेले पार्थिव 1675 साली दिल्लीत स्वतःचे घर पेटवून ज्याने अग्नीला दिले, तो लखीशहा बंजारा शिखांच्या इतिहासात ठळक आहे. मराठी शाळेतल्या मुलाला मात्र तो क्वचितच माहीत असतो. आपल्या माणसांची चित्रे भिंतीवर मोठ्या आकारात पाहणे हा अनुभव ज्यांना शतकानुशतके मिळाला नाही, त्यांच्यासाठी अशी दालने असायलाच हवीत.

तरी एक मत स्पष्ट मांडतो. नेत्यांची चित्रे नव्याने काढता येतात, आजही आणि पन्नास वर्षांनीही. बंजारा समाजाचा जो खरा कलासंग्रह आहे, तो पुन्हा काढता येणार नाही. तो बायकांनी हाताने शिवलेला आहे, पेट्यांत पडलेला आहे आणि दरवर्षी कमी होतो आहे.

फेटिया, काचळी आणि डोक्यावरून घ्यायची छांटिया, हा बंजारा बाईचा पोशाख. फेटिया म्हणजे घेरदार घागरा. त्याचा कमरेचा पट्टा भरतकामाने घट्ट भरलेला. काचळीची पाठ उघडी आणि पुढचा भाग आरशांनी, कवड्यांनी, नाण्यांनी आणि शिशाच्या मण्यांनी जड झालेला. कानाच्या बाजूंना केसांत गुंफलेली टोपली नि घुगरी, वेणीला चोटला, गळ्यात हांसली, नाकात भुरिया, दंडापर्यंत चढवलेल्या बलिया. बलिया पूर्वी हस्तिदंताच्या नि हाडाच्या असत, नंतर प्लॅस्टिकच्या झाल्या. हे सगळे अंगावर घेऊन ती बाई रानात सरपणाला जाई आणि खडी फोडायलाही जाई. सणावारी काढायचा वेगळा पोशाख नव्हता. रोजच्या कष्टाचा पोशाखच इतका सजलेला होता.

या भरतकामाची तऱ्हा तांड्याच्या जगण्यातून आली आहे. फिरत्या माणसाकडे नवे कापड कमी, जुने जास्त. म्हणून दोन-तीन थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवायचे. त्यातून कापड जाड होते, टिकाऊ होते आणि वर नक्षीला पाया मिळतो. घागरीखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीला मागे लोंबणारा भरलेला पदर, सुपारी-पैशांची कोथळी, बैलाच्या पाठीवर टाकायची झूल, लग्नात द्यायचे रुमाल, सगळ्यांना हीच रीत. नक्षी भूमितीची: चौकोन, त्रिकोण, तिरक्या रेघा आणि त्यांत बसवलेले आरसे. छापील नमुना समोर नसतो. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत टाके घातले जातात आणि हिशेब डोक्यात असतो. मुलीने तो आईच्या म्हणजे याडीच्या शेजारी बसून उचलायचा. ज्या बाईला शाळेत कुणी पाठवले नाही, तिने भूमिती सुईने सोडवलेली असते. आपल्या कलाविषयक लिखाणात हिचे नाव कुठेच नसते. कापडावर सही करायची पद्धत नाही आणि संग्रहालयांच्या चिठ्ठीवर फार तर ‘बंजारा, विसावे शतक’ एवढेच लिहिलेले आढळते.

तांडा स्थिर झाला, शेती आली, ऊसतोड आली, बांधकामावर मजुरी आली. तरुण मुली साडी आणि पंजाबी ड्रेसकडे वळल्या, आणि ते योग्यच आहे. पाच-सहा किलोचा पोशाख दिवसभर अंगावर वागवा, असे कलेच्या नावाखाली कुणी कुणाला सांगू नये. जुन्या वस्तूंचे पुढे काय झाले हा मात्र खरा प्रश्न आहे. काही बोहारणीच्या टोपल्यात गेल्या, भांड्याच्या बदल्यात. काही व्यापाऱ्यांनी वजनावर घेतल्या. त्यांचे तुकडे कापून उशांचे अभ्रे, पिशव्या आणि पाकिटे झाली आणि ती गोव्याच्या किनाऱ्यावर लमाणी, म्हणजे बंजारा, बायकांच्याच हातून परदेशी पाहुण्यांना विकली गेली. बंजारा वस्त्रांवरचे सर्वांत देखणे पुस्तक 2016 साली लंडनच्या थेम्स अँड हडसनने काढले. ते लिहिले कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शार्लट क्वान आणि टिम मॅकलॉफलिन यांनी. त्यांचे काम मोलाचे आहे. आपली ठेव दुसऱ्याने ओळखून द्यावी, ही कारंज्याच्या पोथ्यांची गोष्ट पुन्हा घडली इतकेच.

याच जातकुळीचे काम कर्नाटकातल्या संडूरला कसे जगले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या कुशल कला केंद्राने लंबाणी (बंजाऱ्यांचे तिकडचे नाव) बायकांना एकत्र आणले, टाक्यांची नावे नोंदवली, नव्या वापराच्या वस्तू करून विकल्या. संडूर लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै 2023मध्ये जी-20च्या बैठकीच्या वेळी हंपीत साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी केलेल्या 1,755 वस्तूंचे प्रदर्शन भरले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. विक्रम हा तसा दिखाऊ प्रकार, मला त्याचे अप्रूप नाही. पण त्या वस्तू करणाऱ्या साडेचारशे बायका आज काम करताहेत, सुईवर पैसे मिळवताहेत, हे महत्त्वाचे. वाशीम, यवतमाळ, नांदेड, हिंगोली, बुलडाणा या पट्ट्यात हात कमी नाहीत. त्यांना बसायला एक जागा आणि शिकवायला मुली हव्यात. संग्रहालयाचे एखादे दालन ही जागा होऊ शकते.

इथे चित्रकलेच्या शिक्षकांशी बोलायचे आहे. आपल्या जिल्ह्यात बहुतेक मुलांची कलेशी औपचारिक गाठ पडते ती एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून वर्ग भरतात, तेही चांगलेच. संकल्पचित्राला मुले काय काढतात? वर्षानुवर्षे तीच कमळे, तेच हंस, तीच वेलबुट्टी. मार्गदर्शिकेत असतात तशी. मानोऱ्याच्या किंवा कारंज्याच्या शाळेतल्या ज्या मुलीच्या घरी आजीची काचळी पेटीत आहे, तिने चौकोनाची वाटणी आणि रंगांची विरोधी मांडणी त्या काचळीवरून शिकावी, याहून सोपा नि सकस धडा कुठला? शाळांची एक दिवसाची सहल पोहरादेवीला न्यायची, मुलांना दालनांत वही-पेन्सिल घेऊन बसवायचे, एखाद्या आजीकडून चार टाके शिकवून घ्यायचे. यात खर्च जवळपास नाही. एस.टी.चे भाडे आणि मुख्याध्यापकांची परवानगी, बस्स. रंगवून झालेली संकल्पचित्रे वर्षातून एकदा संग्रहालयातच मांडली तर प्रदर्शन आपोआप होईल आणि पाहायला त्या मुलांचे आईबाप येतील, जे एरवी कुठल्याही कलादालनाची पायरी चढत नाहीत.

वर्षाचे कार्यक्रम ठरवायला संग्रहालयाला वेगळे कॅलेंडर लागणार नाही. सेवालाल जयंती 15 फेब्रुवारीला येते. होळीला तांड्यात लेंगी गातात, पुरुष आणि बायका गोल धरून, आठवडा-आठवडा. रामनवमीला यात्रा. श्रावणात तीज. मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी ते हिरवे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. या चार वेळी समाज आपण होऊन जमतो. त्या वेळी लेंगी आणि तीजेची गाणी ध्वनिमुद्रित करून, गाणारीच्या नावानिशी आणि तांड्याच्या नावानिशी जपून ठेवली, तर पाच वर्षांत गोरबोलीचा एक मोठा साठा हाती येईल. गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही. देवनागरीत लिहिली तर ती सहज वाचता येते. म्हणून दालनांतल्या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर गोरबोलीतही असाव्यात. आंध्रातून आलेल्या आजीला कुणीतरी ती पाटी मोठ्याने वाचून दाखवली, तर तिला समजावून सांगायला दुभाष्या लागणार नाही.

वस्त्रे जपणे हे वेगळे शास्त्र आहे आणि त्यात हयगय चालत नाही. उजेडाने रंग उडतो, म्हणून जुन्या कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. म्हणजे दालन अंधूक ठेवावे लागते आणि ते का हे पाहुण्याला सांगावे लागते, नाहीतर ‘दिवे बंद आहेत’ अशी तक्रार येते. जड काचळी खुंटीला टांगली तर आरशांच्या वजनाने खांद्याचे कापड फाटते. ती आडवी ठेवावी लागते. पावसाळ्यातला दमट वारा आणि कसर यांच्याशी वर्षभर लढावे लागते. यासाठी प्रशिक्षित माणूस पगारावर हवा. उद्घाटनाला पैसा मिळतो आणि देखभालीला मिळत नाही, हा महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक संग्रहालयांचा अनुभव आहे. पोहरादेवीने त्याला अपवाद ठरावे अशी इच्छा धरणे वावगे नाही, पण नुसत्या इच्छेवर कसर मरत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, चौकटी गोळा केल्या. लोक त्यांना वेडा म्हणत. आज राजा केळकर संग्रहालय नसते, तर मराठी घर दोनशे वर्षांपूर्वी कसे दिसत होते हे आपल्याला फक्त कल्पनेने ठरवावे लागले असते. ते एकट्या माणसाचे काम होते. आपल्याकडे इमारत आधी झाली आहे, संग्रह अजून व्हायचा आहे. क्रम उलटा झाला म्हणून बिघडत नाही. जागा तयार असताना गोळा करणे उलट सोपे.

म्हणून वाचकांना, विशेषतः तांड्यातल्या घरांना, विनंती. घरात जुनी काचळी, फेटिया, कोथळी, चोटला, बैलाची झूल असेल तर ती बोहारणीला देण्याआधी एकदा थांबा. संग्रहालयाला देता आली तर उत्तमच. द्यायची नसेल, तर तिचा फोटो काढून सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: ती कुणी शिवली, कोणत्या तांड्यात शिवली आणि कुणाच्या लग्नासाठी शिवली. शिवणारी हयात असेल तर तिचे नाव तिच्याच तोंडून ऐकून लिहा. आणि पोहरादेवीला दर्शनाला याल तेव्हा देवळातून परस्पर परतू नका. संग्रहालयात अर्धा दिवस काढा आणि दालनात काय कमी आहे ते तिथल्या माणसांना सांगून जा.